आखूड पायाचं वेळापत्रक

बंगळुरू वसवणारे केंपेगौडा मूळचे येलहंक्याचे. आजच्या येलहंक्यात हवाई दलाचा तळ आहे आणि रेल्वेचा चाक कारखाना आहे. १९८४ पासून इथं भंगार पोलाद वितळवून गाड्यांची चाकं ओततात आणि दोन-दोन चाकं एकेका ॲक्सलवर दाबून बसवतात. एका ॲक्सलवरची दोन्ही चाकं सारख्याच व्यासाची लागतात. झिजलेली चाकं वर्कशॉपात पुन्हा कातली, तरी जोडीतल्या दोघांमध्ये अर्ध्या मिलिमीटरहून जास्त फरक चालत नाही.

हाच नियम माणसाच्या पायांना लावला तर आपल्यातले बहुतेक सगळे नापास होतील. एक्स-रे काढून पायांची लांबी मोजणाऱ्या अनेक अभ्यासांचा एकत्रित आढावा २००५ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात सुमारे ९० टक्के लोकांच्या दोन पायांत काही ना काही फरक निघाला आणि त्याची सरासरी साधारण ५ मिलिमीटर होती. शिंप्याकडे पँटचा एक पाय जमिनीला लागतो, फोटोत एक खांदा खाली दिसतो, चपलेची एकच टाच लवकर झिजते, या तक्रारींमागे कधी हा फरक असतो, कधी नसतो. उसेन बोल्टचा उजवा पाय डाव्यापेक्षा अर्धा इंच आखूड आहे आणि कणाही जन्मतः वाकडा आहे. त्याच्या धावण्याचं विश्लेषण केलं तेव्हा दोन पावलांचा जमिनीवरचा जोर आणि टेकण्याचा वेळ वेगवेगळा भरला. शंभर मीटरचा विश्वविक्रम त्याच पायांनी झाला.

रेल्वेचं चाकही दिसतं तितकं आडमुठं नसतं. रुळावर टेकणारा त्याचा पृष्ठभाग किंचित उतरता ठेवलेला असतो. वळणावर जोडी बाजूला सरकते, बाहेरचं चाक मोठ्या व्यासावर धावतं, आतलं लहान व्यासावर, आणि गाडी वळते. शरीराकडे अशा सरकण्याच्या सोयी कितीतरी जास्त आहेत. आखूड बाजूला कंबरेचं हाड खाली झुकतं. लांब पायाचा गुडघा थोडा वाकलेला राहतो किंवा त्या पावलाची कमान सपाट होते. आखूड पायाची टाच उचललेली राहते. झुकलेल्या कंबरेवर कणा उलट्या बाजूला वळून डोकं मध्यावर आणतो. माणूस स्टुलावर बसला की पायांचा प्रश्नच उरत नाही, म्हणून कण्याचा असा बाक बसल्यावर नाहीसा होतो. पाठीच्या खऱ्या बाकापासून तो वेगळा ओळखायला डॉक्टर हीच युक्ती वापरतात.

या सगळ्याला मेहनत पडते. फरक दोन सेंटीमीटरच्या आत असेल तर बहुतेकांना ती जाणवतही नाही. त्यापुढे चाल डौल सोडते आणि स्नायूंना जास्त काम पडतं. किरकोळ फरकानं कंबर दुखते का, यावर तज्ज्ञांचं अजून एकमत नाही. गुडघ्याबाबत थोडं ठामपणे बोलता येतं. अमेरिकेत तीन हजारांवर लोकांचा अभ्यास झाला, त्याचे निष्कर्ष २०१० मध्ये आले. एक सेंटीमीटर किंवा त्याहून जास्त फरक असणाऱ्यांमध्ये गुडघ्याची झीज जास्त आढळली, आणि ती मुख्यतः आखूड पायाच्या गुडघ्यात. भार लांब पायावर पडत असणार, हा आपला अंदाज इथं उलटा ठरतो.

मोजण्याचंच पाहा. टेबलावर झोपवून दोन्ही टाचा एकमेकींना लावायच्या आणि ‘तुमचा एक पाय आखूड आहे’ असं सांगायचं, हा प्रकार मालिशवाल्यापासून काही थेरपिस्टांपर्यंत सर्रास चालतो. कंबरेचा एखादा स्नायू आखडला, खुबा ताठरला किंवा एक पाऊल सपाट असलं तरी टाचा पुढे-मागे दिसतात. हाडं सारखीच असतात, मांडणी बिघडलेली असते. अशा वेळी बुटात उंची घालणं म्हणजे बिघाड कायम करणं. त्याला व्यायाम लागतो. खरी लांबी मोजायची तर टेप कंबरेच्या पुढच्या टोकदार हाडापासून घोट्याच्या आतल्या हाडापर्यंत धरतात. बेंबीपासून मोजलं की कंबरेचा तिरपेपणाही त्यात मिसळतो. टेपपेक्षा मला भरवशाची वाटते ती फळ्यांची पद्धत: रुग्णाला उभं करायचं, आखूड पायाखाली पातळ फळ्या एकेक सरकवायच्या, कंबरेचे दोन्ही कंगोरे समपातळीत आले की थांबायचं आणि फळ्यांची जाडी मोजायची. समचरण उभ्या विठ्ठलाला वीट दोन्ही पायांखाली सारखी लाभली आहे. इथं ती एकाच पायाखाली द्यावी लागते. शस्त्रक्रियेचा विचार असेल तर उभ्यानं काढलेला पूर्ण पायांचा एक्स-रे लागतोच.

मोठ्या माणसातला जुना, स्थिर फरक क्वचितच तातडीचा असतो. लहान मुलांत मात्र घड्याळ चालू असतं, आणि या विषयात सगळ्यात जास्त नुकसान तिथं वेळ दवडल्यानं होतं.

लांब हाडांच्या टोकांशी कूर्चेची एक पातळ पट्टी असते. वाढ तिथं होते. गुडघ्याजवळच्या दोन पट्ट्या पायाच्या एकूण वाढीचा जवळजवळ दोन तृतीयांश वाटा उचलतात: मांडीच्या हाडाचं खालचं टोक वर्षाला साधारण ९ ते १० मिलिमीटर वाढतं, नडगीचं वरचं टोक सुमारे ६. अपघातात किंवा लहानपणी हाडात पू झाल्यानं ही पट्टी बिघडली तर फरक दरवर्षी वाढत जातो. पोलिओत स्नायू निकामी होतात आणि पायाची वाढही मागे पडते. भारतात पोलिओचा शेवटचा रुग्ण १३ जानेवारी २०११ रोजी सापडला आणि २०१४ मध्ये देश पोलिओमुक्त जाहीर झाला, त्यामुळे आखूड पायाचं हे एकेकाळचं मोठं कारण नव्या पिढीतून गेलं. त्याच्या खुणा चाळिशी-पन्नाशीच्या माणसांच्या कॅलिपरमध्ये दिसतात. पोलिओच्या त्याच काळात, १९५५ मध्ये, मुंबईत हाजी अलीजवळची पुनर्वसन संस्था सुरू झाली. बंगळुरूत एन. एस. हेमा यांनी १९५९ मध्ये अपंगांसाठी संस्था उभी केली. त्यांना स्वतःलाच पोलिओ झालेला होता.

कधी गंमत उलटी होते. लहान मुलाचं मांडीचं हाड मोडलं की जुळताना तिथला रक्तपुरवठा वाढतो आणि मोडलेलाच पाय पुढे सेंटीमीटरभर लांब होतो. हे माहीत असल्यानं पूर्वी डॉक्टर मुद्दाम हाडाची टोकं थोडी एकमेकांवर ठेवून प्लास्टर घालत.

पाय आखूड दिसण्याचं आणखी एक कारण, जन्मजात सरकलेला खुबा, मात्र घरातच लक्षात येऊ शकतं. तेलमालिश करणाऱ्या आजीला मांडीवरच्या घड्या दोन्हीकडे सारख्या नाहीत हे दिसतं, किंवा बाळाचे दोन्ही गुडघे वाकवून पावलं टेकवली की एक गुडघा खाली राहतो. बाळाचे पाय सरळ ताणून दुपट्यात घट्ट गुंडाळणं या खुब्यासाठी वाईट. आपल्याकडची कडेवर घेण्याची रीत, पाय फाकवून कमरेला बसवण्याची, खुब्याला चांगली मानवते.

जन्मजात आखूड हाड सहसा त्याच प्रमाणात आखूडच वाढतं. मुलाच्या पायाची लांबी चौथ्या वर्षी आणि मुलीच्या पायाची तिसऱ्या वर्षी अंतिम लांबीच्या साधारण निम्मी झालेली असते. म्हणून चार वर्षांच्या मुलात आज दोन सेंटीमीटर दिसणारा फरक मोठेपणी चारच्या घरात जाईल, असा अंदाज बांधता येतो. ‘मोठा झाला की आपोआप सारखं होईल’ हा घरोघरचा दिलासा इथं घातक आहे.

वेळेत आलेल्या मुलासाठी सगळ्यात सोपा उपाय ऐकायला विचित्र वाटतो: लांब पायाची वाढ थांबवायची. अमेरिकेतल्या फेमिस्टर यांनी १९३३ मध्ये ही शस्त्रक्रिया मांडली. मुलींची पायांची वाढ साधारण चौदाव्या वर्षी थांबते, मुलांची सोळाव्या. गुडघ्याच्या दोन्ही पट्ट्या बंद केल्या की लांब पाय वर्षाला दीड सेंटीमीटर मागे राहतो. तीन सेंटीमीटर भरून काढायचे तर मुलगी बाराव्या वर्षी आणि मुलगा चौदाव्या वर्षी टेबलावर हवा. हे वय दाखल्यावरचं धरत नाहीत. हाताच्या एक्स-रेवरून हाडांचं वय काढतात. शस्त्रक्रिया लहान, मूल लवकर चालू लागतं. अडचण वेगळीच येते. ‘चांगल्या पायाला हात का लावायचा?’ असं आईबाप विचारतात आणि त्यात दोन वर्षं जातात. उंची दोन-तीन सेंटीमीटर कमी राहते हे खरं, पण पुढच्या पर्यायापुढे ती किंमत मला फारच किरकोळ वाटते.

तो पर्याय सैबेरियातल्या कुर्गानचा. गॅव्ह्रिल इलिझारोव्ह यांनी १९५१ च्या सुमारास तारा आणि कड्यांची चौकट तयार केली. हाड रक्तपुरवठा जपून कापायचं, काही दिवस थांबायचं, मग दिवसाला एक मिलिमीटर, तोही चार वेळा पाव-पाव करून, दोन तुकडे दूर न्यायचे. मधल्या फटीत नवं हाड तयार होतं. १९६४ च्या ऑलिंपिकमध्ये उंच उडीत सुवर्णपदक मिळवणारा व्हॅलेरी ब्रुमेल मोटारसायकल अपघातानंतर कितीतरी शस्त्रक्रिया करून अखेर त्यांच्याकडे गेला, तेव्हा रशियात त्यांचं नाव झालं. पश्चिमेला हे तंत्र १९८० नंतर इटलीमार्गे पोहोचलं. महाराष्ट्रात त्यासाठी मुंबई-पुण्यालाच जावं लागतं असं नाही, अकोल्यात डॉ. मिलिंद चौधरी यांनी या पद्धतीचं स्वतंत्र केंद्र उभं केलं.

हिशेब मात्र आधी नीट ऐकावा. पाच सेंटीमीटरसाठी पन्नास दिवस हाड लांबवायचं, आणि ते घट्ट होईपर्यंत चौकट एकूण पाच-सहा महिने पायात. तारांच्या भोकांत जंतुसंसर्ग होतो. स्नायू हाडाइतक्या सहज लांबत नाहीत, त्यामुळे गुडघा आखडतो आणि रोजचा व्यायाम टाळून चालत नाही. निव्वळ उंची वाढवण्यासाठी धडधाकट लोक हेच करून घेतात, हे मला अनाकलनीय आहे.

शस्त्रक्रिया नको किंवा गरज नसेल तर उंची द्यावी ती पादत्राणात. बुटाच्या आत सेंटीमीटरभरच मावते. त्याहून जास्त हवी तर तळव्याला बाहेरून जोडावी लागते. सगळा फरक एकदम भरत नाहीत, थोडा थोडा वाढवतात. वर्षानुवर्षं जुळवून घेतलेल्या कण्याला अचानक सरळ केलं की तोच दुखू लागतो. पूर्ण फरक भरण्याचीही गरज नसते. सल्ल्याच्या कागदावर बहुधा एकच जोड लिहिलेला असतो आणि तो बाहेर घालायचा. आपल्या घरात मात्र चपला उंबऱ्यापाशी राहतात, आणि स्वयंपाकाच्या ओट्यापाशी, देवघरात, धुणं वाळत घालताना बाई दिवसातले कितीतरी तास अनवाणी उभी असते. तिला बाहेरच्या बुटाच्या आधी घरात घालायची, मागे पट्टा असलेली, तेवढ्याच उंचीची स्लिपर लिहून द्यायला हवी.