मुंबईहून आणलेले दुखणे

चाकरमानी राजापूरला सणासुदीलाच येतो असे नाही. कधी रात्रीच्या गाडीने एखाद्या तरुणाला दोघे धरून आणतात. झोप नाही, जेवण नाही, कोणाशी बोलणे नाही. घरचे म्हणतात, "बाहेरचं काहीतरी लागलंय." मग आधी अंगारा, नंतर नवस आणि सगळे पैसे संपल्यावर डॉक्टर!

परदेशी गेलेल्या अनेक चिनी कुटुंबांतही असेच घडते. मन खचले, असे सांगण्याऐवजी माणूस डोकेदुखी, थकवा सांगतो. घराण्याची अब्रू जाईल म्हणून घरचे दुखणे झाकतात. तोवर आजार वाढतो.

बंधू-भगिनींनो, मनाच्या आजारावर औषध आहे. वेळीच उपचार झाले तर बरेच रुग्ण पुन्हा कामाला लागतात. आपल्या जिल्ह्यात रत्नागिरीला सरकारी मनोरुग्णालय आहे. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने असे सरकारी उपचार मिळणे हा आपला हक्क ठरवला आहे. २०२२ साली सुरू झालेल्या टेलिमानसच्या १४४१६ या क्रमांकावर मुंबईच्या खोलीतूनही रात्री-अपरात्री मोफत सल्ला घेता येतो.

मुंबईहून मुलाचा फोन आला की "पैसे पाठवलेस का?" याच्या आधी "झोप लागते का रे?" एवढे जरूर विचारा.