सॅमसंग की रेडमी?

फोन बदलायचा म्हटले की मुले दोन नावे पुढे करतात: सॅमसंग गॅलेक्सी 'ए' आणि शाओमीचा रेडमी. दोन्ही अँड्रॉइड, रेडमी बहुधा स्वस्त. कॅमेऱ्याची चर्चा नातवंडांना करू द्या. आपण दुकानात चष्म्याशिवाय अक्षरे वाचून पाहावीत. वयाने बोटे कोरडी पडतात, पडदा दाद देत नाही. म्हणून नंबरही स्वतःच लावून पाहावा.

सॅमसंगच्या 'ईझी मोड'मध्ये चित्रे मोठी होतात आणि बोट जरा रेंगाळले तरी भलतेच काही उघडत नाही. हाताला कंप असणाऱ्यांनी सॅमसंगच घ्यावा, असे माझे मत. पण घरात सर्वांकडे रेडमी असेल तर तोच बरा. अडले की शिकवणारे जवळ असतात.

कोणताही घ्या, त्याच दिवशी मुलाकडून त्यात वैद्यकीय माहिती भरून घ्या: ॲलर्जी, आजार, औषधे. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर ती सर्वांत आधी. फोनला कुलूप असले तरी 'इमर्जन्सी'तून मदतीला आलेल्यांना ती पाहता येते, आणि मागेन दाविदचा १०१ही लागतो. छातीत दुखू लागले तर शब्बाथ असला तरी थांबू नका. पिकुआख नेफेश आधी. रात्री फोन स्वयंपाकघरात नको, उशाजवळ हात पोहोचेल असा ठेवा.