अफगाणिस्तानवर पीएचडी करायची? मग आधी आपल्या मोर्शी तालुक्यातलं 1942 बघा

पेट निघाली की पुढचा घोर सिनॉप्सिसचा असतो. 2021 मध्ये काबूल पडल्यापासून राज्यशास्त्र आणि इतिहासाच्या मुलांच्या यादीत एक विषय वारंवार येतो: 'अफगाणिस्तानातील सशस्त्र प्रतिकार चळवळी: एक अभ्यास'. विषय चांगला आहे. पण 'एक अभ्यास' म्हणजे प्रश्न नव्हे. आरआरसीमध्ये कोणी विचारलं, "तुम्हाला नेमकं काय शोधायचं आहे?", तर या शीर्षकात त्याचं उत्तर सापडत नाही.

या लेखात आपण तोच विषय घेऊ, त्यातून प्रश्न काढू, आणि तो प्रश्न मोर्शी, वरूड, आष्टीच्या पट्ट्यात बसूनही कसा तपासता येतो ते बघू.

एकच खोरं, तीन निकाल

काबूलच्या उत्तरेला पंजशीर नावाचं अरुंद खोरं आहे. 1980 ते 1985 या काळात सोव्हिएत फौजांनी त्यावर मोठ्या मोहिमा काढल्या. साधारणपणे अशा नऊ मोहिमा मोजल्या जातात. अहमद शाह मसूद यांचे लोक मागे हटायचे, बाजूच्या दऱ्यांत शिरायचे आणि फौज गेली की परत यायचे. खोरं कायमचं हातात आलं नाही. 1996 ते 2001 मध्ये तालिबानचं सरकार होतं, तेव्हाही पंजशीर त्यांना घेता आलं नाही.

आता 2021 बघा. 15 ऑगस्टला तालिबान काबूलमध्ये शिरले. मसूद यांचा मुलगा अहमद मसूद याने पंजशीरमधून 'राष्ट्रीय प्रतिकार आघाडी' उभी केली. 6 सप्टेंबरला तालिबानने खोरं घेतल्याचं जाहीर केलं. त्यानंतरही आघाडीचे लहान-मोठे हल्ले चालू राहिले, पण खोरं गेलं ते गेलं.

डोंगर तेच, घराणंही तेच. मग निकाल का बदलला? हा झाला संशोधनाचा प्रश्न. एक गोष्ट स्थिर आहे, दुसरी बदलली आहे, आणि बदलाचं कारण शोधायचं आहे.

पहिलं उत्तर सहज सुचतं: रसद. 1980 च्या दशकात पाकिस्तानातून शस्त्रं येत होती. 1996 नंतर ताजिकिस्तानकडची वाट उघडी होती. 2021 मध्ये मात्र तालिबानने उत्तरेकडचे प्रांत आधीच घेतले होते, म्हणजे पंजशीर चहूबाजूंनी वेढलेलं होतं. उत्तर बरोबर आहे, पण अपुरं आहे. कारण खुद्द तालिबान 2001 ते 2021 अशी वीस वर्षं टिकले, ते फक्त सीमेपलीकडच्या आसऱ्यावर नाही. अनेक ग्रामीण भागांत त्यांनी स्वतःचे सावली-गव्हर्नर नेमले आणि न्यायालयं चालवली. जमिनीचा वाद सरकारी कोर्टात वर्षानुवर्षं पडून राही, लाच द्यावी लागे. तालिबानचा काझी तोच वाद झटपट मिटवी. निकाल कठोर असे, पण लागे. लोक तिथे आनंदानेच जात होते असं नाही, पण जात होते.

म्हणजे प्रश्नाला दुसरी बाजू मिळाली. गनिमी चळवळ टिकते ती बंदुकीवर, डोंगरावर, सीमेवर, की गावातला बांधाचा वाद मिटवण्याच्या ताकदीवर?

आधी शब्द तपासा

पुढे जाण्याआधी एक सवय लावून घ्या. 'गनीम' हा फारसीतून आलेला शब्द, अर्थ शत्रू. मोगलांच्या कागदांत मराठे 'गनीम' आहेत. म्हणजे 'गनिमी कावा' हा मुळात समोरच्याने दिलेला शब्द आणि आज आपण तो अभिमानाने वापरतो. 'गेरिला' हा शब्द स्पॅनिश, 'छोटं युद्ध' या अर्थाचा, नेपोलियनच्या फौजेशी स्पेनमध्ये झालेल्या लढ्यातून जगभर गेलेला. बंडखोर, क्रांतिकारक, दरोडेखोर, मुजाहिद, दहशतवादी हे सगळे शब्द कोणी, कुठल्या कागदावर, कधी लिहिले याची वेगळी वही ठेवा. सिनॉप्सिसमध्ये तुम्ही कुठला शब्द वापरणार आणि का, हे दोन ओळींत लिहा. गाईड खूश होतील, आणि पुढे तुमचाही गोंधळ होणार नाही.

साताऱ्यात काय टिकलं

आता महाराष्ट्रात या. 9 ऑगस्ट 1942 ला काँग्रेसचे मोठे पुढारी पकडले गेले. सातारा जिल्ह्यात लोकांनी कचेऱ्यांवर मोर्चे काढले. 9 सप्टेंबरला वडूजला आणि दुसऱ्या दिवशी इस्लामपूरला पोलिसांनी गोळ्या झाडल्या. माणसं मेली. मग भूमिगत कार्यकर्त्यांनी पद्धत बदलली. 1943 पासून नाना पाटील यांच्या नेतृत्वाखाली प्रतिसरकार उभं राहिलं आणि 1946 पर्यंत चाललं.

आपल्याला बहुतेक वेळा त्यातल्या धाडी माहीत असतात. 7 जून 1943 ला शेणोलीजवळ सरकारी पैसा नेणारी गाडी लुटली गेली. 14 एप्रिल 1944 ला धुळ्याकडे चिमठाण्याजवळ खजिना लुटला गेला. जी. डी. बापू लाड, नागनाथअण्णा नायकवडी, तुफान सेना ही नावं तुम्ही ऐकली असतील. पण धाडी वर्षातून किती होणार? रोजचं काम वेगळंच होतं. गावोगावी न्यायदान मंडळं बसत. जमिनीची, कर्जाची, नवरा-बायकोची भांडणं तिथे सुटत. दारूबंदी होती, हुंड्याशिवाय साधी 'गांधी लग्नं' लागत. खबऱ्यांना आणि गावगुंडांना शिक्षा होई. तळपायावर मारण्याच्या शिक्षेवरून 'पत्री सरकार' हे नाव रूढ झालं, असं सांगितलं जातं.

दोन गोष्टी मदतीला होत्या. एक, सत्यशोधक चळवळीचं जुनं जाळं. गावातल्या बहुजन शेतकऱ्याला एकत्र बसायची, सावकार-जमीनदाराविरुद्ध बोलायची सवय आधीच लागली होती. दुसरी, औंध संस्थान. चळवळीचं मोठं केंद्र असलेलं कुंडल ब्रिटिश मुलखात नव्हतं, औंधात होतं. तिथल्या राजाने 1939 मध्येच प्रजेला स्वराज्याचे अधिकार दिले होते, आणि ब्रिटिश मुलखातल्या पोलिसांचा हात तिथे सहज पोहोचत नव्हता. अफगाण लढवय्यांना जशी सीमा, तशी इथे संस्थानाची हद्द.

आणि आपल्याकडे?

त्याच ऑगस्टमध्ये आपला पट्टाही पेटला होता. 16 ऑगस्टला आष्टी आणि चिमूर इथे लोक पोलिसांवर आणि सरकारी अधिकाऱ्यांवर चालून गेले. गोळीबारात लोक मेले, पोलीस आणि अधिकारीही मारले गेले. तेव्हा मोर्शी तालुक्यात असलेल्या बेनोड्यात आणि तिकडे यावलीत माणसांनी गोळ्या झेलल्या. बेनोडा शहीद, यावली शहीद, आष्टी शहीद: गावांच्या नावातच शब्द जोडला गेला. एसटीच्या पाटीवर आपण तो रोज वाचतो आणि पुढे जातो.

नंतर काय झालं? फौज आली. चिमूरमध्ये बायकांवर अत्याचार झाले. त्याच्या चौकशीसाठी प्राध्यापक भन्साळी यांनी 63 दिवस उपोषण केलं. खटले चालले, अनेकांना फाशीच्या शिक्षा झाल्या, त्यांतल्या काही 1945 मध्ये जन्मठेपेत बदलल्या. पण साताऱ्यासारखं तीन वर्षं चालणारं दुसरं सरकार इथे उभं राहिलं नाही. का?

इथे लोक कमी धीट होते, असं म्हणून मोकळं होऊ नका. ठाण्यावर रिकाम्या हाताने चालून जायला काय लागतं, याचा विचार करा.

डोंगर नव्हता, हेही चालणार नाही. मोर्शीच्या उत्तरेला सातपुडा आहे, पश्चिमेला मेळघाट. याच सातपुड्यात 1818 मध्ये नागपूरचे अप्पासाहेब भोसले इंग्रजांच्या हातून निसटून गेले. गोंड आणि कोरकू सरदारांच्या आधाराने महादेवाच्या डोंगरांत ते कित्येक महिने तग धरून होते. वरूड ओलांडून पुढे जे मुलताई लागतं, तिथपर्यंत ती धामधूम पोहोचली होती. तेव्हा डोंगरात गोंड सरदारांचा स्वतःचा अंमल होता. 1942 मध्ये डोंगर होता, अंमल उरला नव्हता.

मग सीमा? हे गृहीतक मला तपासण्याजोगं वाटतं. मोर्शीहून वर्धा नदी ओलांडा, आष्टी लागतं, जिल्हा बदलतो. सातपुडा चढा, बैतूल लागतं; तिथेही जिल्हाच बदलतो. तिन्हीकडे सरकार एकच, मध्यप्रांत-वऱ्हाडाचं. वऱ्हाडावर निजामाचं नाव होतं, पण कारभार नव्हता. पळून जाऊन दुसऱ्याच्या हद्दीत बसावं, असं औंध आपल्याजवळ नव्हतं.

आणि संघटना? इथे उत्तर अवघड होतं, म्हणून जास्त रंजक आहे. इथे जाळं नव्हतं असं नाही. तुकडोजी महाराजांचं भजन गावागावात पोहोचलं होतं, 1935 मध्ये मोझरीला गुरुकुंज आश्रम उभा राहिला होता. सरकारला त्याची इतकी धास्ती वाटली, की महाराजांना नागपूर आणि रायपूरच्या तुरुंगात ठेवलं. मग फरक कशात? एका हाकेत हजार माणसं जमवणारं जाळं आणि दर आठवड्याला बसून दोन भावांच्या वाटणीचा निकाल देणारं जाळं, हे एकच असतं का? माझा अंदाज असा, की नसतं. पण तो अंदाज आहे. कोणीतरी गावागणिक तपासायला हवा.

आता कोणी विचारेल, "म्हणजे नाना पाटलांना तालिबानच्या रांगेत बसवता का?" नाही. एक परकीय सत्तेविरुद्ध लढत होते आणि साधं, समतेकडे जाणारं गाव मागत होते. दुसऱ्यांनी सत्ता आल्यावर मुलींच्या शाळा बंद केल्या. तुलना उद्दिष्टांची नाही, यंत्रणेची आहे: राज्यकर्त्याच्या नाकाखाली दुसरा अंमल कसा चालतो, एवढ्यापुरती. तुमच्या प्रबंधात हे वाक्य पहिल्याच प्रकरणात असू द्या, नाहीतर व्हायव्हामध्ये पूर्ण वेळ त्यातच जाईल.

कागद आणि माणसं

पुरावा कुठे आहे? गृह-राजकीय विभागाच्या फाइली दिल्लीच्या राष्ट्रीय अभिलेखागारात आहेत, बऱ्याच 'अभिलेख पटल'वर घरबसल्या बघता येतात. राज्य पुराभिलेखागाराची शाखा नागपूरला आहे. सातारच्या प्रतिसरकारवर गेल ऑम्व्हेट यांनी लिहिलं आहे, ते वाचा. पण लक्षात ठेवा, फाइल पोलिसाने लिहिली आहे आणि स्मृतिस्तंभ विजेत्यांनी बांधला आहे. दोन्हींत बरीच माणसं गायब असतात.

सगळ्यात जास्त गायब असतात ते खबरे म्हणून शिक्षा झालेले लोक. स्टॅथिस कालिव्हास यांनी यादवी युद्धातल्या हिंसेवर 2006 मध्ये एक पुस्तक लिहिलं. त्यातला एक मुद्दा आपल्या कामाचा आहे: अशा काळात 'हा शत्रूला मिळाला आहे' असं सांगणाऱ्याच्या मनात पुष्कळदा जुनं घरगुती वैर असतं. बांध, विहीर, सोयरीक. पंजशीरमध्ये हे खरं असेल तर वाळव्यात आणि वरुडातही असू शकतं. चळवळीचा न्याय कुणावर झाला आणि तो खरंच न्याय होता का, हे विचारणं म्हणजे चळवळीचा अपमान नव्हे. पण विचारताना जपा. नातू अजून त्याच गावात राहतो, त्याच पाणवठ्यावर जातो. आजोबाचं नाव तुमच्या थिसिसमध्ये छापून त्याच्या पदरात काय पडणार? नाव बदला, गावाची ओळख पुसा, संमती लेखी घ्या, आणि माणसाने मध्येच "हे नका लिहू" म्हटलं तर लिहू नका.

आणि घाई करा. 1942 मध्ये पंधरा वर्षांचं असलेलं माणूस आज शंभरीला टेकलं आहे. नाना पाटलांची मुलगी हौसाबाई 2021 मध्ये गेल्या, तुफान सेनेचे कॅप्टन भाऊ 2022 मध्ये. आपल्या भागात आता बहुतेक ठिकाणी दुसरी पिढी उरली आहे. ती ऐकीव गोष्ट सांगते, पण आई रात्री कोणाला भाकरी पोचवायची, कोणत्या घराशी बोलणं बंद झालं होतं, हे तिला माहीत असतं. ते फाइलीत नाही. आणखी दहा वर्षांनी ते कुठेच नसेल.

मग सिनॉप्सिसमध्ये काय लिहाल?

अफगाणिस्तान सोडू नका. पण तिथे जाता येणार नसेल, दरी-पश्तू येत नसेल, तर दोन्ही बाजूंचे दावे दुरून वाचण्यापलीकडे तुमच्या हातात फार काही राहत नाही. तुमच्या हातात वऱ्हाडी आहे, सायकलवर गाठता येणारी गावं आहेत, नागपूरची गाडी आहे. पंजशीर आणि तालिबान यांच्यावरच्या लेखनातून प्रश्न घ्या आणि तो इथे तपासा. शीर्षक असं काही होईल: 'सशस्त्र प्रतिकार आणि स्थानिक न्याययंत्रणा: सातारा आणि मोर्शी-आष्टी यांचा तुलनात्मक अभ्यास, 1942–46'.

आता एक काम. या आठवड्यात वहीच्या पानाचे तीन उभे रकाने करा: पंजशीर, सातारा, मोर्शी-आष्टी. आडव्या ओळी चार: डोंगर, लगतची हद्द, आधीचं जाळं, वाद मिटवणारी जागा. बाराही चौकटींत पुराव्यासकट काय लिहिता येतं ते बघा. तिसऱ्या रकान्यातली शेवटची चौकट बहुतेक रिकामी राहील. तुमचा विषय त्या चौकटीत आहे.