लिपो बॅटरी आणि कापडाचे गोदाम : थोडी खबरदारी

रिमोटवर उडणारी विमाने, छोट्या मोटारी, शर्यतीचे ड्रोन यांचा शौक आता व्यापाऱ्यांच्या घरांतही पोहोचला आहे. यांत लिथियम पॉलिमर बॅटरी बसते. शौकीन मंडळी तिला 'लिपो' म्हणतात. आम्ही कापडाचे व्यापारी. आमच्याकडे दुकान, गोदाम आणि घर पुष्कळदा एकाच इमारतीत असते. म्हणून हा विषय मुलांच्या खेळापुरता राहत नाही, मालाच्या हिफाजतीचाही होतो.

मोबाईलच्या बॅटरीत तिला सांभाळणारे सर्किट आतच असते. शौकाच्या लिपोत बहुधा ते नसते. टणक डबाही नसतो, नुसते पातळ पाकीट असते. त्यामुळे सारी जबाबदारी चार्जरवर आणि माणसावर येते.

प्रथम आकडे समजून घ्यावेत. एका सेलवर ३.७ व्होल्ट लिहिलेले असते. पूर्ण भरल्यावर ते ४.२ होतात. बॅटरीवर '३एस' असेल तर तीन सेल जोडलेले आहेत असे समजावे; म्हणजे पूर्ण भरल्यावर १२.६ व्होल्ट. ४.२ च्या पुढे रेटले तर आत वायू होतो, पाकीट फुगते आणि आगही लागू शकते. ३ च्या खाली उतरलेली बॅटरी पुन्हा भरताना आतल्या आत शॉर्ट होण्याचा धोका असतो. म्हणून सेल ३.५ च्या आसपास आला की खेळ थांबवावा.

चार्जर लिपोचाच हवा आणि 'बॅलन्स' करणारा हवा. बॅटरीच्या छोट्या पांढऱ्या प्लगमधून तो प्रत्येक सेलचा हिशोब वेगळा ठेवतो. सेलची संख्या चुकीची निवडली तर चांगला चार्जरही घात करतो. करंटचा हिशोब सोपा आहे : २२०० एमएएचच्या बॅटरीला २.२ अँपिअर. घाई करून जास्त देऊ नये.

चार्जिंग लादीवर किंवा विटांवर करावे. गादी, लाकडी टेबल, कापडाचे ठाण जवळ नसावे. बॅटरी गरम असेल तर आधी थंड होऊ द्यावी. चार्जिंग चालू असताना समोर माणूस हवा. रात्री लावून झोपणे किंवा दुकान बंद करून जाणे म्हणजे आपल्या हाताने नुकसान बोलावणे.

दोन-चार दिवस वापर नसेल तर भरलेली बॅटरी तशीच ठेवू नये. चार्जरवरील 'स्टोरेज' निवडून प्रत्येक सेल सुमारे ३.८ व्होल्टवर आणावा आणि बॅटरी थंड, कोरड्या जागी ठेवावी. उन्हात उभ्या गाडीत तर मुळीच नको.

फुगलेली, दबलेली किंवा आपटलेली बॅटरी स्वस्तात मिळाली तरी घेऊ नये. घरातली फुगली तर टोचू नये, पुन्हा चार्ज करू नये. टोकांना चिकटपट्टी लावून ती ई-कचरा घेणाऱ्याकडे द्यावी. भंगारात किंवा कचराकुंडीत टाकली तर तिथे आग लागू शकते. देशात २०२२ पासून बॅटरी कचऱ्याचे स्वतंत्र नियमही आहेत.

आग लागलीच तर बॅटरी उचलण्याच्या फंदात पडू नये. तिचा धूर विषारी असतो. आधी माणसे बाहेर काढावीत, मग अग्निशमन दलाला १०१ वर कळवावे.

शौक जरूर करावा. मात्र चार्जिंगची जागा आजच ठरवावी आणि ती गोदामापासून लांब असावी.