हार्डवेअर इक्यू घ्यायचा की प्लगिनवर भागवायचं? स्टुडिओ टाकण्याआधी हा हिशोब बघा



घरच्या एका खोलीत रेकॉर्डिंग स्टुडिओ टाकायचा, असं ठरवून दुकानात येणारी मुलं माईक घेतात, इंटरफेस घेतात आणि निघताना एक प्रश्न हमखास विचारतात, ‘दादा, प्लगिनने भागतं का, की खरा हार्डवेअर इक्यू घ्यायलाच लागतो?’ यूट्यूबवर मोठ्या स्टुडिओतला तो निळा, जाड नॉबवाला डबा त्यांनी बघितलेला असतो. किंमत मात्र बघितलेली नसते.

आज याचाच हिशोब करू. मी दुकानदार आहे, त्यामुळे आवाजाइतकंच पैशाबद्दलही बोलणार.

ज्यांना अजिबात माहीत नाही त्यांच्यासाठी एका ओळीत सांगतो. गाडीतल्या टेपला बास आणि ट्रेबलचे नॉब असतात ना, इक्वलायझर म्हणजे त्याचाच मोठा भाऊ. आवाजातला कुठला भाग वर आणायचा आणि कुठला खाली न्यायचा, हे तो ठरवतो. गायकाचा आवाज बोदा येतोय, ढोलकी हार्मोनियमखाली दबतेय, तिथे पहिला हात इक्यूवर जातो.

तो निळा डबा आहे तरी काय?

त्याचं नाव पल्टेक ईक्यूपी-१ए. अमेरिकेतल्या न्यू जर्सीमध्ये पल्स टेक्निक्स नावाची छोटी कंपनी होती, दोघा भागीदारांची. १९५० च्या दशकात त्यांनी हे यंत्र बाजारात आणलं. आत कॉइल, कपॅसिटर, रेझिस्टर यांचं साधं सर्किट आहे. त्यातून जाताना आवाजाची पातळी खाली पडते, ती ट्यूबचा अॅम्प्लिफायर परत वर उचलतो. बासच्या बाजूला निवडायला जागा फक्त चार, २०, ३०, ६० आणि १०० हर्ट्झ.

गंमत अशी की बाससाठी वाढवायचा नॉब वेगळा आणि कमी करायचा वेगळा. दोन्ही एकाच वेळी फिरवू नका, असं कंपनीच्या माहितीपुस्तिकेत म्हटलं होतं. इंजिनिअर लोकांनी नेमकं तेच केलं! दोन्ही नॉबचा परिणाम अगदी एकाच जागी होत नाही, त्यामुळे खालचा दणका वाढतो आणि त्याच्या थोडं वरचा गढूळ भाग कमी होतो. ठेका जाड होतो, पण गाणं बोदं होत नाही. या एका युक्तीवर त्या डब्याचं निम्मं नाव झालंय.

आता महत्त्वाचा भाग. हे सगळं प्लगिनमध्ये येतं का? आवाजाच्या कुठल्या भागाला किती उचललं आणि किती दाबलं, याचा जो वक्र असतो तो गणिताने मोजता येतो. मोजता येतं ते कॉम्प्युटरवर उतरवताही येतं. त्यामुळे वक्रापुरतं चांगलं प्लगिन आणि यंत्र यांत फरक जवळपास उरत नाही. फरक पडतो तो आवाज जोरात गेल्यावर ट्यूब आणि ट्रान्सफॉर्मर जो थोडासा रंग चढवतात, त्यात. आजची पल्टेकची चांगली प्लगिनं तो रंगही बऱ्यापैकी पकडतात. शंभर टक्के नाही. पण तुमचं गाणं लोक कशावर ऐकणार? मोबाईलवर, रिक्षातल्या स्पीकरवर, गणपतीच्या मंडपात. तिथे तो उरलेला फरक कोणी शोधत बसत नाही.

प्लगिनच्या बाजूनेही काही खोट आहे, ती लपवत नाही. ४४.१ किलोहर्ट्झवर काम करताना वरची मर्यादा २२.०५ पडते. त्या टोकाजवळ साध्या डिजिटल इक्यूचा वक्र आखडतो आणि ट्रेबल वाढवल्यावर ते कधीकधी जाणवतं. ओव्हरसॅम्पलिंग असलेली प्लगिनं हे बरंचसं सुधारतात. ‘लिनिअर फेज’ मोड दिसला म्हणून लगेच चालू करू नका. त्याने आवाज उशिरा पोहोचतो आणि ढोलकी-तबल्याच्या थापेआधी एक पुसट सावली येऊ शकते. नेहमीच्या कामाला साधा मोड बरा.

आता पैसे

पल्टेकसारखं अस्सल यंत्र घ्यायचं तर खर्च लाखांत जातो. स्वस्त नकला, म्हणजे क्लोन, साधारण तीस-चाळीस हजारांपासून पुढे मिळतात. पण एक यंत्र म्हणजे एक चॅनल. स्टिरिओ मिक्सवर लावायचं तर दोन हवीत. इंटरफेसला जादा आउटपुट-इनपुट हवेत, वर केबल. प्लगिन मात्र एकदा घेतलं की त्याच गाण्यात वीस ट्रॅकवर उघडा.

तरीही खरेदीची किंमत हा छोटा मुद्दा आहे. मोठा मुद्दा आहे ‘परत उघडण्याचा’. क्लायंट तीन आठवड्यांनी फोन करतो, ‘दादा, कोरस जरा वर घ्या ना.’ प्लगिनवर फाईल उघडली की सगळं जिथल्या तिथे असतं. यंत्रावर प्रत्येक नॉब वहीत टिपलेल्या जागी परत लावायचा, गाणं पूर्ण वाजवून पुन्हा रेकॉर्ड करायचं आणि ऐकून तपासायचं.

समजा महिन्याला १२ गाणी, प्रत्येकात ३ वेळा बदल. झाले ३६ फेरे. एका फेऱ्याला २५ मिनिटं धरा, म्हणजे ९०० मिनिटं, सरळ १५ तास. तुमच्या तासाची किंमत ४०० रुपये लावली तर महिन्याला ६,००० आणि वर्षाला ७२,००० रुपये. हा खर्च बिलात दिसत नाही, म्हणून तो कोणी धरत नाही. क्लायंट बदलाचे वेगळे पैसे देतो का, हे ज्याने त्याने आपल्या गावात बघावं. आमच्याकडे तरी ‘एवढ्याशा बदलाचे कसले पैसे’ असंच ऐकायला मिळतं.

मग हार्डवेअर कोणी घेऊच नये का? घ्यावं, पण जागा बघून. गायक गात असतानाच आवाज यंत्रातून घेऊन रेकॉर्ड करायचा, म्हणजे परत लावायची भानगडच नाही. अट एकच, त्यावेळी चुकीचं वाढवलेलं नंतर नीट काढता येत नाही, म्हणून हात हलका ठेवायचा. यंत्राचा आणखी एक फायदा मला खरा वाटतो. निवडायला चारच जागा असल्या की माणूस पटकन निर्णय घेतो. प्लगिनमध्ये रंगीत आलेख समोर येतो आणि आपण कानाने ऐकायचं सोडून डोळ्यांनी मिक्स करायला लागतो.

विकायच्या वेळी यंत्राला बाजार आहे. प्लगिनचं लायसन्स दुसऱ्याच्या नावावर करता येतं की नाही, हे कंपनीच्या नियमावर अवलंबून. नियम बदलतातही. वेव्हज ही प्लगिनमधली जुनी आणि मोठी कंपनी. मार्च २०२३ मध्ये तिने कायमचं लायसन्स बंद करून फक्त सबस्क्रिप्शन ठेवायचं जाहीर केलं. ग्राहक इतके चिडले की काही दिवसांतच कंपनीला कायमचं लायसन्स परत आणावं लागलं. म्हणून महिन्याचं भाडं की एकदाच खरेदी, हे घेताना नीट वाचा. आणि क्रॅक तर नकोच. ऐन डिलिव्हरीच्या दिवशी कॉम्प्युटर बसला तर दाद कुणाकडे मागणार?

माझ्या मते पैसे या क्रमाने जावेत. आधी खोली: जाड पॅनल, कोपऱ्यात बास अडवायची सोय. मग स्पीकर, मग माईक. खोली खोटं ऐकवत असेल तर लाखाच्या इक्यूवरही तुम्ही चुकीचाच नॉब फिरवणार. इक्यूसाठी सुरुवातीला शून्य रुपये चालतात. रीपर हे सॉफ्टवेअर ६० दिवस पूर्ण वापरून बघता येतं, त्यात रीआ-इक्यू येतो. टीडीआर नोव्हा मोफत आहे आणि उत्तम आहे.

महागडं प्लगिन घ्यायची इच्छा झालीच, तर त्याची ट्रायल घ्या आणि ही परीक्षा करा. एकच ट्रॅक दोनदा ठेवा. एकावर मोफत इक्यू, दुसऱ्यावर महागडा, दोन्हींचे वक्र जमतील तेवढे सारखे करा. आवाजाची पातळीही सारखी करा, कारण जो मोठा वाजतो तोच आपल्याला चांगला वाटतो. आता एका ट्रॅकची पोलॅरिटी उलटी करा आणि दोन्ही एकत्र वाजवा. जे सारखं आहे ते एकमेकांना खाऊन टाकतं, कानावर येतो तो फक्त फरक. जवळपास शांतता आली तर पाकीट खिशातच राहू द्या. काही ऐकू आलं, तर तो आवाज तुम्हाला हवासा वाटतो का, एवढंच बघा आणि मग पैसे भरा.