बिलाच्या यादीतून खेप कुठं गळते?



ऊस काट्यावर गेला, वजनपावती हातात आली, पण पंधरवड्याच्या बिलात एक खेप कमी! अशा वेळी "कॉम्प्युटर चुकला" म्हणून आपण मोकळे होतो. कॉम्प्युटर बेरजेत सहसा चुकत नाही. जेवढं विचारलं तेवढंच तो सांगतो. प्रश्न अर्धवट असला तर यादीही अर्धवट निघते, आणि दिसायला ती अगदी बरोबर दिसते.

कारखान्याची माहिती वेगवेगळ्या तक्त्यांत असते : सभासदांची यादी, शेतकी खात्याची ऊसनोंद, काट्याच्या पावत्या, सोसायटी-बँकेची वसुली. असे तक्ते सामाईक नंबरावर जोडायची पद्धत एडगर कॉड यांनी १९७० साली आयबीएम कंपनीत असताना मांडली. बिलाची सारी गोम या जोडणीत आहे.

आपल्या लातूर-नांदेड भागात एका गावात एकाच नावाचे तिघे निघतात, म्हणून जोडणी नावावर नको. पण नुसता सभासद नंबरही पुरत नाही. समजा, एकाची गट नंबर ११२ मध्ये लागण व ११८ मध्ये खोडवा अशा दोन नोंदी आहेत आणि खेपा झाल्या १०. सभासद नंबरावर जोडलं तर प्रत्येक पावती दोन्ही नोंदींना चिकटते आणि १० च्या २० खेपा होतात! त्या क्षणी गोड वाटेल, पण पुढच्या बिलात वसुली ठरलेली. पावतीवर ऊसनोंदीचा नंबर हवाच.

वसुलीचं उलट आहे. "बिल व वसुली जोड" एवढंच सांगितलं, की दोन्ही तक्त्यांत असलेलेच सभासद येतात. ज्याच्या डोक्यावर कर्ज नाही, त्याचंच नाव गळतं. कर्ज फेडल्याचं हे बक्षीस! तेव्हा प्रश्न असा विचारावा : ऊस आलेले सगळे घे, वसुली असेल तर लाव, नसेल तर शून्य धर. शून्य सांगावंच लागतं. बिलातून रिकामा रकाना वजा केला तर उत्तरही रिकामं येतं.

तारखेचंही बघा. काटा रात्रंदिवस चालतो व पावतीत तारखेसोबत वेळही नोंदलेली असते. "१ ते १५" म्हटलं, की पुष्कळदा १५ तारीख सुरू होते त्या क्षणीच हिशोब थांबतो आणि १५ च्या गाड्या बाहेर राहतात. "१६ तारीख लागण्यापूर्वीच्या सगळ्या" असं विचारलेलं बरं.

ऊस नियंत्रण आदेश, १९६६ प्रमाणे, वेगळा लेखी करार नसल्यास, ऊस पोचल्यापासून १४ दिवसांत पैसे द्यायचे असतात, पुढे द.सा.द.शे. १५ व्याज. पण यादीतच नसलेल्या खेपेचे दिवस मोजणार कोण?

म्हणून बिल काढण्याआधी काट्याचे एकूण टन व बिलातले टन ताडून पाहावेत. शिवाय पावत्यांचे नंबरही एकेक करून ताडावेत, कारण एकाची जादा खेप दुसऱ्याची कमी झाकून टाकते. सभासदांनीही पंधरवड्याच्या पावत्या एकत्र टाचून ठेवाव्यात व बिल हाती येताच नंबर ताडावेत. एखादी खेप दिसली नाही, तर तीच पावती घेऊन शेतकी ऑफिसात यावं.