मोटर जळाली, पण कशाने?

चाळीस-पंचेचाळीस वर्षांपूर्वी आपल्याकडच्या सर्व्हिस स्टेशनवर व्हॅक्यूम क्लीनर क्वचितच दिसे. अँबॅसिडर नाहीतर फियाटच्या रेक्झिनच्या सीटा ओल्या फडक्याने पुसायच्या, रबरी मॅट झटकायच्या, खालून ग्रीसिंग करायचं, की गाडी तयार. डिसेंबर १९८३ मध्ये मारुती ८०० आली. पुढच्या दोन दशकांत कापडी सीटा, तळाला चिकटवलेलं कार्पेट आणि एसीमुळे बंद राहणाऱ्या काचा सर्रास झाल्या. धूळ झटकून जाईना, ती ओढूनच काढावी लागे. आज वॉशिंग सेंटरवर जे यंत्र असतं ते तेव्हापासून फारसं बदललेलं नाही: स्टीलचा ड्रम, त्याच्या डोक्यावर दोन किंवा तीन मोटरी, प्रत्येकीला वेगळा स्विच. बदलली ती मोटर बिघडल्यावरची रीत. पूर्वी ती वाइंडिंगवाल्याकडून भरून आणत, आता सरळ नवी टाकतात. या बदलाबद्दल हळहळण्यासारखं काही नाही. नुकसान झालं ते दुसरीकडे. मोटर भरणारा माणूस निदान ती उघडून बघायचा; नवी टाकणारा जुनी भंगारात देतो आणि ती कशाने गेली हे विचारायचं राहून जातं.

ही मोटर मुळात कसल्या कामासाठी घडली ते लक्षात घेतलं पाहिजे. ह्यूबर्ट सेसिल बूथचं १९०१ चं लंडनमधलं यंत्र घोडागाडीवर होतं. ते रस्त्यात उभं राहायचं आणि नळ्या घरात जायच्या. हातात धरता येईल असं यंत्र जेम्स मरे स्पँग्लरने अमेरिकेत केलं, १९०८ मध्ये त्याला पेटंट मिळालं आणि ते हूवर यांनी विकत घेतलं. असं यंत्र घराघरांत पोचवलं ते छोट्या, हलक्या, भन्नाट वेगाच्या कार्बनच्या मोटरीने. आपल्या मिक्सरमध्ये असते तीच जात. मिनिटाला वीस हजारांच्या आसपास फेरे, आकाराच्या मानाने प्रचंड ताकद, आणि त्या बदल्यात झिजणारे कार्बन, म्हणजे फिरत्या भागाला वीज पोचवणारे ब्रश. साध्या वापरात कार्बनची जोडी साधारण सहाशे ते आठशे तास टिकते. घरात रोज वीस मिनिटं यंत्र चालवलं तर पाच वर्षं त्याकडे बघायलाही नको. वॉशिंग सेंटरवर तीच मोटर दिवसाला पाच तास चालली, तर चार-पाच महिन्यांत जोडी संपते. युरोपियन युनियनने १ सप्टेंबर २०१७ पासून घरगुती व्हॅक्यूमच्या मोटरीला किमान ५०० तासांच्या आयुष्याची अट घातली, तेव्हा मोजमाप तासांचंच धरलं. ओली-कोरडी यंत्रं मात्र त्या नियमातून वगळली. आपल्याकडे मालक आयुष्य वर्षांत मोजतो, वॉरंटीही वर्षांत वाचतो, आणि आठ महिन्यांत मोटर गेली की माल डुप्लिकेट निघाला म्हणतो.

कधीकधी तो असतोही. पण गेलेली मोटर उघडली तर ती बहुधा स्वतःच सांगते. आधी शाफ्ट बोटांनी फिरवून बघावा. खरखर लागली, अडखळला, तर पंख्याच्या बाजूचं बेअरिंग गेलेलं आहे. मग कार्बन ज्यावर घासतात तो तांब्याचा कॉम्युटेटर बघावा. तपकिरी, गुळगुळीत, एकसारखा असेल तर कार्बन नीट बसत होते. काळे चटके आणि खाचा असतील तर ठिणग्या उडत होत्या. शेवटी कार्बन. मूळ लांबीच्या तिसऱ्या हिश्शावर आले की ते बदलायचे असतात. पार संपल्यावर मागची स्प्रिंग तांब्यावर घासते आणि शंभर-दोनशे रुपयांच्या कामाचं दोन-तीन हजारांचं होतं. जळकं वाइंडिंग ही या साखळीतली शेवटची कडी, आणि वास तिचाच येत असल्यामुळे दोषही तिलाच मिळतो.

साखळीची सुरुवात पुष्कळदा फेसाने होते. सीट शाम्पूने घासून ओल्या नळीने ओढली की ड्रममध्ये पाण्यापेक्षा फेसच जास्त चढतो. पाणी वर आलं तर तरंगता गोळा उचलला जाऊन हवेची वाट बंद होते. फेसात तेवढं वजन नसतं, गोळा जागचा हलत नाही आणि साबणाचं पाणी थेट पंख्यात शिरतं. या यंत्रांतली मोटर बहुधा बायपास जातीची, म्हणजे ओढलेली हवा आणि मोटर थंड करणारी हवा वेगळी. तेव्हा वाइंडिंग लगेच भिजत नाही. पण शाफ्टच्या सीलमधून ओल बेअरिंगपर्यंत पोचते. बेअरिंग गंजतं, शाफ्ट थरथरतो, कार्बन उडू लागतात, ठिणग्या वाढतात. कोरड्या कामासाठी लावलेला कापडी फिल्टर तसाच ठेवून ओलं ओढलं किंवा फाटक्या फिल्टरवर दिवस काढले, तरी शेवट हाच.

यावर धंद्यातला माणूस म्हणेल, हे तपासत बसायला वेळ कुणाला आहे? दारात गाड्यांची रांग असताना नवी मोटर अर्ध्या तासात बसते. बरोबर आहे, बसवावीच. मोटर भरून आणण्याच्या बाजूने मी बोलत नाही. पाण्याच्या पंपाची मोटर आपले वाइंडिंगवाले उत्तम भरतात, कारण ती मिनिटाला तीन हजारांच्या आतच फिरते. वीस हजार फेऱ्यांचं आर्मेचर हाताने भरलं आणि त्याचा तोल यंत्रावर साधला नाही, तर नवी बेअरिंगंही लवकर खुळखुळतात. बदलावी मोटरच, पण जुनी भंगारात टाकण्याआधी शाफ्ट फिरवून बघायला, कार्बन काढून बघायला मिनिटभर लागतं. तेवढंही केलं नाही तर नवी मोटर त्याच फेसात उतरते.

दुसरा आक्षेप जरा फसवा आहे. नळी तुंबली की मोटरचा आवाज चढतो, आणि पोऱ्याला वाटतं जोर वाढला. कुणी ॲम्पियर मीटर लावून दाखवतो की करंट उलट कमी झाला, म्हणजे मोटर आरामात आहे. करंट कमी होतो तो हवाच ओढली जात नाही म्हणून. पंख्यावरचा भार उतरल्याने मोटर मोकाट सुटते, फेरे वाढतात, बेअरिंग आणि कार्बन त्या मानाने झिजतात. हवा मोटरीतूनच जाणाऱ्या स्वस्त यंत्रांत तर थंडावाही बंद होतो. चढा आवाज म्हणजे फिल्टर झटकायची वेळ.

आता ब्रशलेस मोटरी आल्यात, म्हणून ही चर्चा जुनी झाली असं विक्रेते म्हणतात. कार्बनची कटकट खरंच जाते आणि दिवसभर चालणाऱ्या यंत्राला हा फायदा मोठा आहे. पण तिला इलेक्ट्रॉनिक कार्ड लागतं, आणि वॉशिंग सेंटरवर ओलसर हवा व कमीजास्त होणारं व्होल्टेज दोन्ही हजर असतात. बेअरिंग तर तिलाही आहेच. फेस मारणारं औषध ड्रममध्ये टाकणं, ओल्या कामाआधी फिल्टर बदलणं, काम संपल्यावर ड्रम रिकामा करून यंत्र दोन मिनिटं कोरडं चालवणं ही कामं तिथेही उरतात, आणि न केल्यास भंगारात जाणारी मोटर आधीपेक्षा कितीतरी महाग असते.